जुन्या घराची खरेदी, नूतनीकरण व फेरविक्री : नियोजनाचे तीन टप्पे

प्रस्तावना :
कोडोली आणि वारणा परिसरातील गावठाणांत दगडी जोत्याची, मातीच्या भिंतींची व कौलारू छपराची जुनी घरे आढळतात. असे घर विकत घेऊन, त्याचे मोठे नूतनीकरण करून ते पुन्हा विकणे हा व्यवहार नवख्या गुंतवणूकदारास सोपा वाटतो. प्रत्यक्षात नफा रंगरंगोटीने नव्हे, तर खरेदीपूर्वीच्या तपासणीने ठरतो. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

१) मालकी हक्काची तपासणी :
ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा होय. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून मिळकत पत्रिका, पूर्वीचे नोंदणीकृत दस्त आणि वकिलाचा शोध अहवाल पाहणे आवश्यक ठरते. घर वडिलोपार्जित असल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ अन्वये मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायिकाचा हक्क मिळाला. त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची विक्री वा नोंदणीकृत वाटणी मात्र अबाधित राहते. सासरी गेलेल्या बहिणीची संमती न घेता झालेले खरेदीपत्र नूतनीकरणानंतर वादात सापडल्यास घर विकता येत नाही आणि भांडवल अडकून पडते.

२) बांधकामाची तपासणी :
तुळया व वासे यांना लागलेली वाळवी, भिंतींना लागलेला लोणा आणि जोत्याचे खचणे यांची पाहणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावी. कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंपांनी दगडमातीच्या बांधकामाची मर्यादा दाखवून दिली आहे. त्यामुळे खोली मोठी करण्यासाठी भार पेलणारी भिंत काढणे धोक्याचे ठरते. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. तेथे चुन्याचा गिलावा अधिक उपयुक्त होय. कामाचा क्रम प्रथम छप्पर व ओल, नंतर वीज व नळजोडणी आणि शेवटी फरशी व रंग असा असावा. छपराचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावे. रचनेत बदल करावयाचा असल्यास बांधकाम परवानगी आधी घ्यावी.

३) उलट दिशेने अंदाजपत्रक :
खरेदीची किंमत विक्रीच्या किमतीवरून ठरवावी. उदाहरणार्थ, परिसरातील नोंदणीकृत व्यवहारांवरून अपेक्षित विक्री ४० लाख रुपये धरली, तर त्यातून अपेक्षित नफा ५ लाख. मुद्रांक, नोंदणी, व्याज व दलाली ४ लाख. नूतनीकरण १० लाख आणि त्यावर १५ टक्के आकस्मिक खर्च १.५ लाख वजा जाता १९.५ लाख उरतात. याहून अधिक किंमत देणे म्हणजे स्वतःचा नफा विक्रेत्यास देणे होय. घर चोवीस महिन्यांच्या आत विकल्यास होणारा भांडवली नफा अल्पकालीन ठरतो व त्यावर नेहमीच्या दराने आयकर लागतो. असे व्यवहार वारंवार केल्यास ते व्यवसायाचे उत्पन्न मानले जाऊ शकते. सुधारणेचा खर्च वजावटीस पात्र ठरावा म्हणून पावत्या जपून ठेवणे हिताचे आहे.

निष्कर्ष :
मालकी, बांधकाम आणि अंदाजपत्रक या क्रमाने तपासणी केल्यास पहिल्याच व्यवहारातील मोठी जोखीम टाळता येते. यांपैकी एकाही टप्प्यावर समाधान न झाल्यास व्यवहार सोडून देणे हाही नियोजनाचाच भाग होय. कारण इसाऱ्यापूर्वी घेतलेली माघार ही कोर्टकचेरीपेक्षा नेहमीच स्वस्त असते.