मांडवाच्या आतले गाणे

भिवंडी तालुक्यातील मौजे दापोडे हे आगरी वस्तीचे गाव आज ज्या कारणाने सर्वतोमुखी झाले आहे, त्या कारणाचा संगीताशी यत्किंचितही संबंध नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या वेशीवर असलेल्या माणकोली, काल्हेर, पूर्णे या गावांप्रमाणेच दापोड्याच्याही भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर येऊन जकात संपुष्टात आली, तरी हा व्यवसाय ओसरला नाही, उलट अधिकच फोफावला. महसुली दप्तरात या स्थित्यंतराची नोंद सापडेल. परंतु त्याच जमिनीवर, त्याच घरांच्या अंगणांत आणि येथून उत्तरेस जव्हारपर्यंत पसरलेल्या मुलखात जे गाणे आजही गायिले जाते, त्याचा दाखला कोणत्याच दप्तरात नाही. गेल्या पाव शतकात हे गाणे जसजसे कानी पडत गेले आणि त्याची गोडी जसजशी वाढत गेली, तसतसा त्याचा मागोवा येथे मांडत आहे.

या शतकाच्या आरंभी आमच्या भागात ‘आपले गाणे’ म्हटले की कोळीगीत डोळ्यांपुढे येई. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांची स्वररचना यांनी सागरकिनाऱ्याच्या गाण्याला महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि वेसावकर मंडळींच्या ध्वनिफितींनी त्याला लग्नाच्या वरातीत अढळ स्थान दिले होते. हे यश सर्वस्वी न्याय्य होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र त्याच्या झगमगाटात एक गोष्ट झाकोळली: ज्या गाण्यावर नाचता येते तेवढेच बाहेर गेले, आणि जे बसून, मन एकाग्र करून ऐकावयाचे, ते मांडवाच्या आतच राहिले.

मांडवाच्या आतले हे गाणे म्हणजे धवला. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला असतो, आणि तो गाणारी धवलारीण ही केवळ गायिका नसून त्या विधीची पुरोहितच असते. देवांना आमंत्रण तीच देते, वधूवरांना हळद केव्हा लावावयाची हे तिच्या गाण्याच्या ओघातच ठरते. तेराव्या शतकात ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध महदंबेने धवळे रचिले, त्यांचा अभ्यास मराठीचे विद्यार्थी आद्य कवयित्रीची रचना म्हणून आजही करतात. परंतु लग्नविधीत गावयाच्या त्या गीतप्रकाराची हयात परंपरा मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या कानांवर जात असेल!

धवल्याला वाद्याची साथ नसते. स्वरांचा विस्तार थोडा, लय संथ, आणि एकीचा श्वास संपण्यापूर्वी दुसरीने ओळ उचलावयाची अशी वहिवाट असल्यामुळे गाण्यात खंड पडत नाही. ज्याला चटकदार चाल हवी त्याचे येथे समाधान होणार नाही. परंतु घटकाभर बसून राहणाऱ्या श्रोत्यास प्रत्येक आवर्तनात किंचित बदललेली वळणे दिसू लागतात, म्हाताऱ्या आवाजाच्या कंपातील जरब जाणवू लागते, आणि एकदा ही गोडी लागली की अन्य पुष्कळसे गाणे उगाच घाईत असल्यासारखे भासते. दुर्दैव असे की हळदीच्या रात्री मांडवाबाहेर उभ्या केलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे हा विनावाद्य आवाज दोन हातांपलीकडे पोहोचत नाही. माझा आक्षेप नाचण्याला मुळीच नाही; धवला चालू असेपर्यंत तरी यंत्र बंद असावे, एवढेच मागणे आहे, आणि काही घरांत वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर ते आता मानले जाऊ लागले आहे.

दापोड्याहून उत्तरेकडे वारली मुलखात गेल्यावर मला तारपा भेटला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार, डहाणू, विक्रमगड हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले. स्वरांची सीमा मात्र कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही. वाळलेला दुधीभोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या मुखाशी जिभल्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्या सामग्रीतून निघणारा नाद श्वास न तोडता अखंड वाजत राहतो आणि वादकाभोवती फेर धरलेली माणसे त्याच्या तालावर वळतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तोपर्यंत हा फेर वारली चित्रांतून देशोदेशी गेला होता. साड्यांवर आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर तो आपण सर्वांनी पाहिला. ज्या वाद्याचे चित्र लक्षावधींनी पाहिले त्याचा आवाज ऐकणारे अत्यल्प, ही विसंगती मला फार बोचते. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा या वयोवृद्ध तारपावादकांचे नाव २०२६च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत आले, तेव्हा चित्रामागून का होईना, स्वराचीही दखल घेतली गेली.

तारप्याहूनही अल्पपरिचित म्हणावी अशी घांगळी. बांबूच्या दांडीला भोपळे जोडून तारा ताणलेल्या या वाद्यावर वारली भगत कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. तिचा नाद इतका मृदू की मोकळ्या मैदानात तो विरून जावा. ती घराच्या ओसरीवर, अगदी शेजारी बसून ऐकावी.

अशा गाण्याचे जतन कसे करावे, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यातील मोलाचा भाग असा की ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि तिचे गाव टिपून ठेवले. लोकगीत हे ‘लोकांचे’ म्हणून कोणाचेच नाही, असा जो सोयीचा समज आपण करून घेतला होता, त्याला या कामाने छेद दिला. डॉ. अशोक रानडे यांनीही लोकसंगीताकडे शब्दांचा साठा म्हणून न पाहता संगीत म्हणून पाहावे, असा आग्रह आपल्या लेखनातून धरला. धवल्याच्या वाट्याला हे दोन्ही यावयास हवे: गाणारणीचे नाव, आणि तिच्या स्वरांचा बारकाईने अभ्यास.

गेल्या काही वर्षांत गावातील तरुण मंडळी आजीचे धवले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवू लागली आहेत. या मुद्रणांत अंगणातला कालवा येतो, बालकांचे रडणे येते, पुष्कळदा गाणे अर्ध्यावर तुटते. तरीही ती मला शहरी स्टुडिओतील घासूनपुसून काढलेल्या आवृत्त्यांहून मोलाची वाटतात, कारण त्यांत विधी आणि गाणे यांची फारकत झालेली नाही. लग्नपत्रिकेत बँड पथकाचे आणि भजनी मंडळाचे नाव आवर्जून छापले जाते. त्याच ओळीत धवलारणीचेही नाव छापावे, अशी तजवीज येत्या लग्नसराईत आमच्या आळीतील दोन घरांनी केली आहे.