४३ डिग्रीत टर्बो गाडी: मोठा रेडिएटर घेण्याआधी

लातूरच्या एका श्रोत्यानं विचारलंय: दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेदान आहे, रिमॅप केलेली. थंडीत काही त्रास नाही, पण एप्रिल लागला की नांदेडला जाताना गाडी हीट मारते. ट्यूनरनं मोठा रेडिएटर, मोठा इंटरकूलर, ऑइल कूलर आणि कमी तापमानाचा थर्मोस्टॅट असं अख्खं पॅकेज सांगितलंय. घेऊ का? उत्तर इतकं लांबलं की भागच त्याच्यावर झाला. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलण्यातलं ‘म्हणजे, म्हणजे’ तेवढं गाळलंय.

आधी साधा हिशोब. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ डिग्रीवर आहे आणि हवा २५ ची, तर फरक ७०. आता मे महिन्यात नांदेडला दुपारी हवा ४३ ची. फरक उरला ५२. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण जवळपास पाव ताकद गेली. त्यात एसी चालू. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो, त्यातून आलेली हवा समजा ५५ ची झाली, तर फरक फक्त ४०. वर रिमॅप करून आपण इंजिनाकडून जास्त ताकद मागतोय, म्हणजे उष्णताही जास्त. युरोपातल्या एखाद्या व्हिडिओत ‘स्टॉक कूलिंग पुरेसं आहे’ असं कुणी म्हणालं, तर तो त्याच्या हवेबद्दल बोलतोय, आपल्या नाही.

मग पॅकेज घ्यायचंच ना? थांबा. गाडी कधी तापते ते आधी बघा. सगळी मेख इथं आहे.

वजिराबादच्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो? मग फॅन, फॅनचा रिले किंवा फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण बघा. हे आवरण फालतू वाटतं, पण ते फुटलं किंवा काढून ठेवलं की फॅन जाळीच्या एका गोल तुकड्यातूनच हवा ओढतो, बाकी जाळी नुसती बसून राहते. बाजारातला मोठा फॅन आवरणाशिवाय बसवला तर कंपनीच्या फॅनपेक्षा वाईट चालतो.

उलट, गावात ठीक आणि लोह्यापुढे चढावर, एसी लावून, पाय दाबून चालवताना तापते? तेव्हा वेगामुळे हवा भरपूर मिळतेय, फॅनचा संबंध कमी. इथं रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय का, वॉटर पंप नीट फिरवतोय का, ते बघायचं. सगळं ठीक निघालं तरच रेडिएटर लहान पडतोय असं म्हणता येतं.

आणि तिसरं. काटा जागेवर आहे, पण दोन-तीनदा जोर लावला की गाडी मेल्यासारखी होते. हा प्रश्न पाण्याचा नाहीच, टर्बोतून येणाऱ्या गरम हवेचा आहे. ईसीयू इंजिन वाचवायला इग्निशन मागे घेतो, म्हणून ताकद जाते. इथं इंटरकूलर कामाचा.

काट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, पाणी ८० असो की १०५. ओबीडीचं छोटं यंत्र लावा आणि मोबाइलवर कूलंट, आत येणारी हवा आणि दिसत असेल तर ऑइल, असे तिन्ही आकडे आठवडाभर बघा. ह्या श्रोत्यालाही मी आधी हेच सांगितलं.

आता पाण्याचा विषय, कारण आपल्याकडं तो सगळ्यात जास्त नडतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ‘जलदूत’ गाडी. ते दिवस पाहिलेल्या माणसाला बोरच्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. घरच्या डेझर्ट कूलरच्या गवतावर उन्हाळा संपता संपता पांढरा खडखडीत थर बसतो ना? गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. रेडिएटरच्या नळ्या आतून अगदी चिंचोळ्या. ‘थोडं पाणी कमी होतं, टाकलं टपरीवरचं’ असं चार उन्हाळे केलं की तोच थर तिथं बसतो आणि उष्णता अडवतो. अशा इंजिनाला नवा रेडिएटर लावला तरी ब्लॉकमधला गाळ आणि खपल्या त्यात येणारच. म्हणून आधी फ्लश, मग डिस्टिल्ड वॉटर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट, निम्मं-निम्मं. किंवा तयार मिसळलेला कॅन.

लोक म्हणतात, आपल्याकडं बर्फ पडतो का, कूलंट कशाला? दोन कारणं. एक, गंज आणि क्षार रोखणारी रसायनं त्यातच असतात. दोन, निम्मं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ च्या आसपास उकळतं, आणि एक बारचं झाकण घट्ट असेल तर १२५ च्या पुढे. पण ‘जास्त घातलं तर जास्त थंड’ हेही चूक. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, म्हणून निम्म्याच्या फार पुढे जाऊ नका. रंग बघूनही मिसळू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आणि आतली रसायनं जुळली नाहीत तर जेलीसारखा गाळ होऊ शकतो.

झाकण हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. रबर कडक झालं की दाब धरत नाही, मग पाणी लवकर उकळतं. बदलताना तोच दाब घ्या. जास्त दाबाचं झाकण म्हणजे अपग्रेड नव्हे, कुठला तरी जुना होज पाइप फोडायची ती तयारी आहे.

बाहेरची जाळी. आपल्या भागात ऊस, कापूस, काळ्या मातीची धूळ. इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागं एक असतात आणि कचरा मधल्या फटीत अडकतो, समोरून दिसतच नाही. ९९६ पासूनच्या पोर्शे ९११ मध्ये रेडिएटर पुढच्या चाकांजवळ दोन कोपऱ्यांत असतात, तिथं पाला साचतो हे त्या गाडीवाल्यांना पाठ आहे. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, बंपर काढून साफ करा. कमी दाबाचं पाणी, शक्यतो इंजिनाच्या बाजूनं बाहेर. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पाइप जवळून मारला की पात्या आडव्या होतात. हवेच्या वाटेत लाइट बार किंवा जाड ग्रिल असेल तर तेही काढा.

एवढं करूनही चढावर आकडा वाढत राहिला, तर खुशाल खर्च करा. रेडिएटर पूर्ण ॲल्युमिनियमचा, थोडा जाड, पण पात्या फार दाट नकोत. दाट पात्या कागदावर छान दिसतात, आपल्या धुळीत महिन्याभरात चोंदतात. ऑइल बराच वेळ १३० च्या वर राहत असेल तर ऑइल कूलर, तोही स्वतःचा थर्मोस्टॅट असलेला, नाहीतर डिसेंबरच्या सकाळी ऑइल गरमच होणार नाही. इंटरकूलर गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. तो रेडिएटरच्या तोंडावर बसतो आणि त्याची हवा अडवतो.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅट मी तरी नाही घेणार. तो फक्त लवकर उघडतो. पूर्ण उघडल्यावर रेडिएटरची कुवत तेवढीच. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा जुना गॅरेजी इलाज इंजेक्शनच्या गाडीला करू नका. इंजिन थंड राहतं, ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, ते ऑइलमध्ये उतरतं.

रस्त्यात तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, हळू बाजूला घ्या. उन्हात हीटर म्हणजे शिक्षा आहे, पण तो छोटा रेडिएटरच असतो. पाणीच गळून गेलं असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर मात्र इंजिन लगेच बंद. पुढे दामटलं तर हेड बेंड होतं, आणि अहमदपूरजवळ अडकलेली अशी गाडी बहुतेक वेळा ट्रकवर घालून हैदराबादला किंवा पुण्याला न्यावी लागते. झाकण गरम असताना उघडायचं नाही.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्या.

ता. क. श्रोत्यानं कालच आकडे पाठवले. गावात ९२, चढावर एसी लावून १०८, एसी बंद केला की ९९. मी बंपर काढून फटीतला कचरा बघायला आणि झाकण बदलायला सांगितलंय. रेडिएटरची ऑर्डर सध्या थांबवली आहे.