भूजल-प्रदूषणाची आकडेवारी : मध्य, मध्यक आणि आलेख

केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे आपल्याला परिचित आहेत. भूजलाच्या आकडेवारीसाठी ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, हे या विभागात बांगलादेशाच्या उदाहरणावरून पाहू.

पार्श्वभूमी : तळी व नद्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे रोग टाळावेत, म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात लाखो उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. हे विष रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही. दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचेचे विकार होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. बांगलादेशाची मर्यादा ५० आहे.

मध्य आणि मध्यक : समजा, एका गावातील नऊ हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) असे आहे :

२, ३, ४, ५, ८, १२, ४५, १३०, १९६

बेरीज ४०५, म्हणून मध्य ४५. तो ५० पेक्षा कमी असल्याने ‘गाव सुरक्षित’ असा निष्कर्ष निघेल. मध्यक तर केवळ ८ आहे. तरीही दोन हातपंपांनी ५० ची मर्यादा ओलांडली आहे. सरासरी पाणी कोणीच पीत नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या हातपंपाचे पाणी पिते. म्हणून मध्य व मध्यक यांच्यासोबत विस्तार (१९६ – २ = १९४) आणि मर्यादा ओलांडणाऱ्या स्रोतांची टक्केवारी (येथे सुमारे २२) अवश्य नोंदवावी. मध्य मध्यकाहून बराच मोठा असणे, ही काही मूल्ये फार मोठी असल्याची खूण होय.

आलेखांची निवड : ‘१० पर्यंत’, ‘१० ते ५०’ आणि ‘५० च्या वर’ असे गट पाडून स्तंभालेख काढल्यास किती स्रोत धोकादायक आहेत, हे चटकन कळते. दोन चलांचा संबंध पाहण्यासाठी विकीर्ण आलेख उपयोगी पडतो. १९९८-९९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३,५३४ कूपनलिकांचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी सुमारे २५ टक्के नमुन्यांत आर्सेनिक ५० पेक्षा अधिक होते; मात्र १५० मीटरहून खोल कूपनलिकांत हे प्रमाण सुमारे १ टक्काच होते. क्षैतिज अक्षावर खोली व उभ्या अक्षावर आर्सेनिक घेतल्यास हा फरक डोळ्यांसमोर उभा राहतो आणि पर्यायी पाणी कोठे शोधावे, याची दिशा मिळते. मात्र शेजारशेजारच्या कूपनलिकांतही मोठी तफावत आढळते. त्यामुळे प्रत्येक कूपनलिका स्वतंत्रपणे तपासून असुरक्षित कूपनलिकेला लाल आणि सुरक्षित कूपनलिकेला हिरवा रंग देण्याची पद्धत तेथे अवलंबली गेली.

स्वाध्याय : वरील उदाहरणातील १९६ ऐवजी ३७६ हे मूल्य घ्या. मध्य, मध्यक व मर्यादा ओलांडणाऱ्या हातपंपांची टक्केवारी पुन्हा काढा. यांपैकी कोणते परिमाण बदलले? ग्रामस्थांना सांगण्यासाठी आपण कोणते निवडाल? सकारण लिहा.