शिकविणाऱ्याचे श्रम

अमोल मुजुमदार यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ११,००० हून अधिक धावा केल्या. पण भारताच्या संघात त्यांना एकदाही घेतले गेले नाही. २०२३ साली ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोलंदाजी शिकविण्याचे काम पुढे आविष्कार साळवी यांनी सांभाळले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत या संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दीप्ती शर्मा यांनी ५ बळी घेतले.

श्रोतेहो, शिकविणारा स्वतः चेंडू टाकीत नाही. तो सराव करवून घेतो, चूक दाखवितो, धीर देतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे आणखीही एक गोष्ट पाहतो. २०२२ साली भारतीय संघातील स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान ठरले. आपल्या शिवारात मात्र बाईची मजुरी अजून कमीच. देवगाव फाट्याच्या मुलींनाही मैदान आणि शिकविणारा हवा. तो आपणच मागितला पाहिजे.