क्लच सुटत नाहीं तेव्हां

घरांत मोटार असली, कीं एक तक्रार केव्हां ना केव्हां कानीं येतेच. पहिला गिअर पडत नाहीं, आणि रिव्हर्स टाकतांना खर्रकन् आवाज होतो. गॅरेजांत गेल्यावर पुष्कळदां एकच उत्तर मिळतें : "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." त्याची मजुरी मोठी, शिवाय एवढें उघडलेंच आहे, तर नवी क्लच-प्लेट, प्रेशर-प्लेट व बेअरिंगहि घाला, असा आग्रह होतो. कित्येकदां हा खर्च सर्वस्वी योग्य असतो. परंतु कित्येकदां दोष पेडल व गिअरबॉक्स यांच्या दरम्यान, बाहेरच्या बाहेर असतो. आणि या दोहोंतील भेद मोटारीच्या यंत्रशास्त्राचें विशेष ज्ञान नसलेल्या गृहस्थासहि करतां येण्यासारखा आहे.

इंजिनाच्या टोकाशीं फ्लायव्हील नांवाचें जड चक्र फिरत असतें. दोन्ही अंगांस अस्तर लावलेली क्लच-प्लेट ही चकती त्यावर स्प्रिंगच्या जोरानें दाबलेली असते, व तिच्या द्वारें इंजिनाची गति गिअरबॉक्सांत जाते. पेडल दाबलें म्हणजे तो दाब सुटतो व चकती मोकळी होते. मात्र 'मोकळी' म्हणजे तरी किती? प्रत्येक अंगास एका मिलिमीटरहूनहि कमी! म्हणून पेडलापासून निघालेली हालचाल वाटेंत थोडी जरी हरवली, तरी चकती घासत राहते, गिअरबॉक्सांतील दांडा फिरत राहतो आणि दांते एकमेकांत शिरण्याऐवजीं एकमेकांवर आपटतात. लोक यालाहि 'क्लच गेला' म्हणतात, आणि इंजिन जोरानें फिरूनहि गाडी ओढत नाहीं, म्हणजे क्लच घसरतो, त्यालाहि 'क्लच गेला'च म्हणतात. वस्तुतः हे दोन विकार परस्परविरुद्ध आहेत. मिस्त्रीस सांगतांना लक्षण सांगावें, निदान सांगूं नये.

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावे. ते सहज पडत असतील आणि इंजिन चालू होतांच अडत असतील, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. बंद इंजिनावरहि ते अडत असतील, तर दोष गिअरच्या दांड्याच्या जोडणींत किंवा गिअरबॉक्सांत शोधावा. (बंद गाडींत एखादा गिअर दांत्यावर दांता आल्यामुळें अडतो, गाडी किंचित् ढकलली कीं तो पडतो. तो दोष नव्हे.)

नंतरची परीक्षा सपाट जागीं, हँडब्रेक ओढून व ब्रेकवर पाय ठेवून करावी. गाडीच्या पुढें-मागें कोणीहि, विशेषतः मुलें, असूं नये; न सुटणाऱ्या क्लचची गाडी गिअर पडतांच उडी घेऊं शकते. इंजिन संथ चालू असतां क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबावें आणि मग रिव्हर्स टाकावा. चकती खरोखर सुटली असेल, तर तेवढ्या अवधींत ती थांबते व गिअर निमूट पडतो. तरीहि खरखर झाली, तर चकतीस कांहीं तरी अद्याप फिरवीत आहे. परीक्षेस रिव्हर्सच घेण्याचें कारण असें, कीं १९२८ च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आलेली सिंक्रोमेशची सोय पुढच्या गिअरांना आतां सर्रास असली, तरी पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ती नसते. पुढच्या गिअरांत हा दोष ती सोय कांहीं काळ झांकते आणि स्वतः झिजत जाते. म्हणून जोर लावून गिअर टाकीत राहणें महागांत पडतें.

आतां पेडलाकडे वळूं. एकत्र कुटुंबांत एकच गाडी तिघेचौघे चालवितात. तक्रार एकाचीच असेल, तर आधीं आसन पाहावें. सासऱ्यांच्या उंचीस मागें सरकविलेल्या आसनावरून सुनेचा पाय पेडल तळाशीं नेऊं शकत नाहीं, आणि बिचाऱ्या क्लचवर नाहक आळ येतो! पेडलाखालीं जाड पायपुसणें गोळा झालें असेल, तरी तोच परिणाम.

मारुति ८०० सारख्या गाडींत पेडलाची ओढ केबलनें पोंचते. ती केबल ताणली गेली, तर पेडलाची बरीच चाल पोकळ जाते. ही पोकळ चाल किती असावी हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. इतर गाड्यांत हें काम तेलाच्या दाबानें होतें. तेथें पेडल दोनतीनदां भराभर दाबल्यावर गिअर पडूं लागला, तर नळींत हवा शिरल्याचा किंवा तेल गळत असल्याचा संशय घ्यावा. सिग्नलवर पेडल दाबून उभें असतां तें हळूहळू खालीं जाऊन गाडी पुढें सरकूं लागली, तर मास्टर सिलिंडरांतील रबर बहुधा झिजलें आहे; असें झाल्यास गाडी रस्त्यावर काढूं नये. टाकींत तेल घालावयाचें तें झांकणावर लिहिलेलेंच. भलत्या तेलानें आंतील रबरें फुगतात. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचीहि टाकी तीच असते, हें विसरूं नये.

खरा निवाडा पुढेंच आहे. इंजिन बंद करून घरांतील एकानें पेडल तळापर्यंत दाबावें, व दुसऱ्यानें गिअरबॉक्सवरील क्लचचा दांडा किती सरकतो तें पाहावें. कांहीं गाड्यांत तो दांडा बाहेरून दिसतच नाहीं. तेथें मिस्त्रीवरच विसंबावें लागतें. दांडा अर्धवट सरकत असेल, तर दोष बहुतेक बाहेर आहे आणि गिअरबॉक्स उतरविण्याची घाई नको. तो पुरेपूर सरकूनहि गिअर अडत असेल, तर मात्र आंत वांकलेली चकती, मोडलेली स्प्रिंग अथवा जाम झालेलें बेअरिंग असावें, आणि मिस्त्रीचें म्हणणें मानावें. नुकतेंच काम करून आणलेल्या गाडींत चकती उलटी बसविलेलीहि आढळते.

एक अपवाद कोंकणांतील मंडळींनीं ध्यानांत ठेवावा. पावसाळाभर न हललेल्या गाडीची चकती गंजानें फ्लायव्हीललाच चिकटते. दांडा पुरता सरकतो, क्लच पूर्वीं ठीक असतो, तरी गिअर पडत नाहीं. अशी चकती पुष्कळदां कांहीं न उतरवितां सुटते; पण त्यासाठीं गाडीस हिसके द्यावे लागतात, तेव्हां तें काम मोकळ्या जागीं अनुभवी मिस्त्रीकडून करवावें. श्रावणांत आठवड्यास एकदां इंजिन चालू करून क्लच दहावीस वेळां दाबला, तर बहुधा ही वेळ येत नाहीं.