ठेलारींच्या वाड्यावरचे राखणदार

पावसाळा सरला की धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन चराईला निघतात. सोबत घोडी, बिऱ्हाड आणि कुत्री. रात्री रिकाम्या शेतात मेंढ्या बसवल्या की खरी राखण कुत्र्यांचीच. लांडगा असो, बिबट्या असो की चोर, चाहूल आधी त्यांना लागते. माणसाला न ऐकू येणारे उंच आवाजही त्यांचे कान टिपतात. या गावठी कुत्र्यांचं मला फार कौतुक वाटतं. महागड्या विदेशी जातींपुढे त्यांची कदर फारच कमी होते. आपल्या खंडेरायाच्या तसबिरीत मात्र घोड्याजवळ कुत्रा असतोच!

माणूस आणि कुत्र्याची ही जवळीक शरीरातही दिसते. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई-बाळाच्या मायेतही हेच संप्रेरक असतं.

अशा या सोबत्याला उन्हाळ्यात मात्र आपण जपायला हवं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून त्याला फिरायला पहाटेच न्या, तापलेल्या डांबरावर चालवू नका. दाराबाहेर सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा, गल्लीतल्या कुत्र्यांसाठीही. आणि रेबीजची लस वेळच्या वेळी द्या.