बंबवाल्याचं विमान

पत्रा म्हटला, की आम्हा लालबाग-परळच्या माणसांना आधी पावसाळा आठवतो. छपरावरचा पन्हळी पत्रा रात्रभर ताशासारखा वाजायचा. मी बी.ए. झालेला कवी माणूस. मला त्यातला ताल कळायचा, शास्त्र नाही. पण मित्रहो, जगातलं पहिलं संपूर्ण धातूचं विमान याच पत्र्याच्या कुळातलं, हे वाचलं आणि कुतूहल जागं झालं.

राइट बंधू १९०३ साली उडाले ते लाकूड आणि कापडावर. पुढेही बरीच वर्षं विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि सगळं जागेवर धरणाऱ्या तारा. हलकं खरं, पण दमट हवेत लाकूड फुगायचं, उन्हात आकसायचं आणि आगीचं तर विचारूच नका. मग धातू का नाही? तर जड म्हणून.

हा समज मोडला जर्मनीतल्या ह्यूगो युंकर्स यांनी. हे प्राध्यापक, पण डेसाऊ गावात त्यांचा कारखानाही होता, आंघोळीचं पाणी तापवणारे गॅसचे बंब बनवणारा! पातळ पत्रा वळवणं, जोडणं तिथल्या कारागिरांच्या हातात मुरलेलं. १२ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचं 'जे-१' उडालं. ताशी १७० किलोमीटर धावलं, वर चढायला मात्र कुरकुरलं. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'पत्र्याचं गाढव'.

इतका पातळ पोलादी पत्रा वाऱ्याचा मारा सोसतो कसा? याचं उत्तर मला आमच्या मामूंच्या कामात सापडलं. ते पत्र्याच्या ट्रंका बनवत. झाकणाचा सपाट पत्रा बोटानेही दबायचा. त्यावर ठोकून दोन-चार पन्हळी उठवल्या, की त्याच झाकणावर आम्ही पोरं बसायचो. वजन तेवढंच, ताकद घडीतून आलेली. युंकर्सनी हेच केलं. बाहेरून गुळगुळीत पत्रा, आतून त्याला जोडलेला पन्हळी पत्रा.

तरी पोलाद ते पोलादच. सुटका झाली ती ड्युरॅल्युमिनमुळे. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६च्या सुमारास आढळलं, की अॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घालून, तापवून पाण्यात थंड केलं, की तो धातू लगेच नव्हे, तर नुसता पडून राहिल्यावर कठीण होतो. लोणचं मुरावं तसा! त्याच जातीच्या मिश्रधातूचं युंकर्सचं चार प्रवाशांचं 'एफ-१३' १९१९ साली उडालं. त्याच्या पन्हळी मात्र बाहेर होत्या आणि वाऱ्याला अडवायच्या. म्हणून १९३०च्या दशकात अमेरिकनांनी पत्रा पुन्हा गुळगुळीत केला आणि आतून पट्ट्या रिवेट करून बाहेरच्या कातडीलाच भार उचलायला लावला. १९३५चं डीसी-३, म्हणजे आपलं डाकोटा, हे त्याचं फळ.

आणि आपण? १९३२ साली जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या 'पस मॉथ'चे पंख लाकडीच होते. धातूच्या विमानाचा कारखाना काढायचं धाडस केलं सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९३९ साली विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. मग मुंबईच्या या उद्योगपतीने म्हैसूर संस्थानाला भागीदार करून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' उभी केली. १९४१ साली तिथून पहिलं विमान उडालं ते 'हार्लो', पूर्ण धातूचं. त्याचा मूळपुरुष कॅलिफोर्नियातल्या पासाडिना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो या शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून बनवलेला. आपल्याकडे सुटे भाग अमेरिकेतून आले, जुळवणी तेवढी आपली. जुळवणीला मी कमी लेखत नाही. मामूही आधी दुसऱ्याने कापलेले पत्रेच जोडायला शिकले होते. युद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला.

आराखडाही आपला, असं विमान यायला आणखी नऊ वर्षं लागली. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेलं धातूचं 'एचटी-२' १९५१ साली उडालं. पुढे हवाई दलात नव्या वैमानिकांना शिकवण्याचं काम त्याने 'टायगर मॉथ'कडून आपल्याकडे घेतलं. त्या जुन्या विमानाचे पंख अजून लाकडाचे आणि कापडाचेच होते.